टॅलीची डिस्क, गेमची डिस्क: सिडकोतल्या एका डेस्कटॉपचं प्रकरण

नोव्हेंबरच्या दहा तारखेला रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर, टॅली, उघडलं की काही सेकंदांत बंद पडत होतं. मागून दाजींचा आवाज येत होता. त्यात राग कमी आणि धास्ती जास्त होती. मी भाच्याला फोनवर घेतलं आणि म्हटलं, ‘सी ड्राइव्हची पट्टी कुठल्या रंगाची दिसते ते बघ.’ तो म्हणाला, ‘लाल.’ २४० जीबीच्या एसएसडीवर जेमतेम चारशे एमबी शिल्लक होते. टॅलीला स्वतःच्या कामापुरतं काही लिहायलाही जागा उरली नव्हती.

जागा खाल्ली होती दोन गोष्टींनी. एक म्हणजे शंभर जीबीच्या वर गेलेला जीटीए ५. दुसरी म्हणजे डाउनलोड्समध्ये पडलेला एका गेमचा रिपॅक, म्हणजे दाबून लहान केलेली चोरटी प्रत, फुकटात उतरवलेली. तो चालावा म्हणून भाच्याने विंडोजच्या अँटिव्हायरसला, डिफेंडरला, त्या फोल्डरकडे बघूच नकोस असं सांगून ठेवलं होतं. रिपॅक काढला, रिसायकल बिन रिकामी केली, टॅली उघडलं. डेटा शाबूत होता. रिटर्न रात्री साडेबाराला गेलं. पण दाजींनी त्याच रात्री निकाल देऊन टाकला: ‘उद्यापासून गेम बंद. हे यंत्र माझ्या धंद्याचं आहे.’

मी संगणक दुरुस्तीच्याच कामात आहे. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती डेस्कटॉपपैकी कितीतरींची कथा अशीच असते: यंत्र एक आणि धनी दोन. एकाचा हिशोब त्यावर, दुसऱ्याचा खेळ त्यावर, आणि भांडण झालं की खेळणारा हरतो. इथे दोघांचंही म्हणणं मला खरं वाटलं, म्हणून हे प्रकरण पहिल्या फोनपासून शेवटपर्यंत मांडतो आहे.

घर आणि यंत्र

दाजींचा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटा गाळा आहे. लेथ आणि व्हीएमसी या धातू कापणाऱ्या मशिनींवर जॉबवर्क चालतं. मशिनवर चढवलेल्या तुकड्याला तिथे जॉब म्हणतात. घर सिडकोत, तीन खोल्यांचं. डेस्कटॉप हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. बिलं, ई-वे बिल, बँक, सगळं त्यावरच. अकाउंटंट दर गुरुवारी संध्याकाळी येतो आणि त्याच खुर्चीत बसतो. खंडेनवमीला गाळ्यातल्या मशिनींना झेंडूच्या माळा घालून झाल्या की एक माळ घरी येते आणि ती या सीपीयूच्या डब्याला पडते. घरात त्याचं स्थान काय आहे ते यावरून कळावं.

आत सातव्या पिढीचा आय५-७४०० प्रोसेसर, गिगाबाइटचा बी२५० बोर्ड, आठ जीबी रॅम. भाच्याने बारावीनंतर मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांतून चार जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. हे कार्ड ७५ वॅटमध्ये भागतं आणि वेगळी पॉवर केबल मागत नाही. जुन्या एसएमपीएसवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावर, ते निमूटपणे चालत होतं ते त्यामुळेच.

प्रोसेसर सातव्या पिढीचा, इथे दुसरी अडचण होती. विंडोज १०ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे अधिकृतपणे चालतं. दाजींचं यंत्र एका पिढीने हुकलं होतं. म्हणजे ज्या विंडोजवर धंद्याचे सगळे पासवर्ड टाइप होत होते, तिलाच सुरक्षेची अपडेट मिळत नव्हती, आणि त्याच विंडोजवर रिपॅक उतरत होते. डिस्क भरली म्हणून हे लवकर कळलं. न भरती तर आणखी कशाने तरी कळलं असतं, आणि तेव्हा डेटा शाबूत असता का, हे मी सांगू शकत नाही.

पहिलं काम मी त्याच आठवड्यात केलं. मायक्रोसॉफ्टने घरगुती विंडोज १०साठी १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट दिली आहेत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्ज सिंक केल्या की त्याचे पैसेही पडत नाहीत. दाजींच्या विंडोजची नोंदणी करून टाकली. त्यांच्या बाजूला वर्षभराची उसंत मिळाली.

काय काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्याच विंडोजवर भाच्याला ॲडमिन नसलेलं वेगळं अकाउंट देणं. पुष्कळ घरांत एवढ्यावर भागतं आणि भागावंच. इथे ते पुरलं नसतं. डिस्क तीच राहते, आणि खेळांचे लाँचर, खेळातली फसवाफसवी पकडणारे अँटिचीट, ड्रायव्हर ॲडमिनचा पासवर्ड मागत राहतात. चार दिवसांनी बाप वैतागून पासवर्ड सांगून टाकतो. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

दुसऱ्या डिस्कवर दुसरं विंडोज घालता आलं असतं. मग सगळे खेळ चालले असते. पण विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, दुसऱ्या विंडोज १०ला वेगळं लायसन्स लागतं, आणि मुख्य म्हणजे दोन्ही विंडोज एकमेकांची एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या मांडणीची डिस्क सरळ उघडतात. खेळाच्या बाजूला काही घाण आली तर ती हिशोबाच्या डिस्कवर लिहू शकते. भिंत बांधायची आणि दार उघडं ठेवायचं, असं झालं असतं. व्हर्च्युअल मशीनचा विचार मी पाच मिनिटांत सोडला. चार कोअरच्या प्रोसेसरवर दोन सिस्टिम एकाच वेळी चालवून खेळाला काही उरत नाही.

राहिलं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी वेगळी, फुकट सिस्टिम, स्वतंत्र डिस्कवर. पण लिनक्स घालायचं की नाही हे लिनक्सच्या गुणावगुणांवर ठरत नाही. ते खेळांच्या यादीवर ठरतं. लोक इथेच चुकतात. आधी सिस्टिम घालतात, दोन दिवस हौसेने सजवतात आणि तिसऱ्या दिवशी कळतं की ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तोच खेळ चालत नाही. म्हणून मी भाच्याला सांगितलं, ‘वहीच्या पानावर तुझे खेळ लिही. जे खरंच खेळतोस तेवढेच.’

यादी

सात नावं आली. पहिल्या नावाखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या: व्हॅलोरंट. खाली काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५, ईए स्पोर्ट्सचा फुटबॉल, रेड डेड रिडेम्प्शन २, विचर ३ आणि माइनक्राफ्ट.

विंडोजचा खेळ लिनक्सवर कसा चालतो हे त्याला आधी समजावून दिलं. वाइन नावाचा प्रकल्प १९९३पासून चालू आहे. विंडोजच्या प्रोग्रॅमने काही मागितलं की वाइन ते लिनक्सच्या भाषेत सांगतो. दुभाष्याचंच काम. याच वाइनवर उभा राहून, स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८मध्ये प्रोटॉन आणला. त्यात डीएक्सव्हीके नावाचा भाग आहे. खेळ डायरेक्टएक्स ११ ही विंडोजची ग्राफिक्सची भाषा बोलतो, हा भाग ते ऐकून कार्डाला व्हल्कन या लिनक्सवरही चालणाऱ्या भाषेत सांगतो. डायरेक्टएक्स १२साठी दुसरा दुभाषी आहे. २०२२ला व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक बाजारात आला तो लिनक्सवर चालणारा, आणि त्यामुळे या दुभाष्यांवर रोज काम होऊ लागलं. आज एकट्याने खेळायचे बहुतेक खेळ स्टीमवर इन्स्टॉल केले की चालतात, काही वेगळं करावं लागत नाही.

दुभाषी हात टेकतो तो अँटिचीटपाशी. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, बसणारा ड्रायव्हर आहे आणि यंत्र चालू होतानाच तो चढतो. लिनक्सवर विंडोजचं कर्नलच नाही, मग तो बसणार कुठे? दुभाषी शब्द बदलून देऊ शकतो, घराचा पाया बदलून देऊ शकत नाही. ईझी अँटिचीट आणि बॅटलआय या दुसऱ्या दोन अँटिचीटनी २०२१पासून प्रोटॉनला वाट ठेवली आहे, पण ती उघडायची की नाही हे खेळ बनवणारी कंपनी ठरवते. एपेक्स लेजंड्सने ऑक्टोबर २०२४अखेर ती बंद केली. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४मध्ये बॅटलआय लागला आणि लिनक्सवरून ऑनलाइन खेळणं थांबलं. गोष्टीचा भाग मात्र चालतो.

पेन घेऊन एकेका नावापुढे खूण केली. काउंटर-स्ट्राइक २ची लिनक्सची स्वतःची आवृत्ती आहे, तिथे दुभाषीही लागत नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्तीही तशीच. रेड डेड आणि विचर प्रोटॉनवर चालतात. जीटीए अर्धा. फुटबॉल नाही, त्याचं अँटिचीटही कर्नलमध्ये बसतं. आणि व्हॅलोरंट नाही.

‘मामा, काहीच करून नाही चालणार?’

‘नाही. आणि चालतं म्हणून सांगणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागून अकाउंट घालवू नकोस.’

तो गप्प झाला. कॉलेजातले पाच जण रोज रात्री दहाला एकत्र खेळायचे. दिवसभर वर्गात जेवढं बोलणं होत नाही तेवढं त्यांचं तिथे व्हायचं. हे वय मी विसरलेलो नाही, त्यामुळे ‘दुसरं काहीतरी खेळ’ असं म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी एवढंच सांगितलं की व्हॅनगार्ड आत्ता तुझ्या बाबांच्या विंडोजमध्ये रोज सकाळी टॅलीच्या आधी चढतो. त्यांनी त्याला हो म्हटलेलं नाही, त्यांना तो आहे हेसुद्धा माहीत नाही. व्हॅलोरंट खेळायचा असेल तर त्यांना हे समोर बसवून सांगावं लागेल. नसेल तर लिनक्स. ठरव आणि दोन दिवसांनी फोन कर.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. ‘चालेल मामा. व्हॅलोरंट रविवारी कॉलेज रोडच्या गेमिंग कॅफेत खेळू. आणि तिघांना काउंटर-स्ट्राइकवर आणलंय, तो फुकट आहे म्हणून.’ माझ्या हातून जे काही झालं ते पुढचं. या प्रकरणाचा खरा निर्णय त्याने घेतला.

जॉब मशिनवरून काढून

वीस तारखेला जीएसटीआर-३बी हे महिन्याचं दुसरं रिटर्न भरून झालं. त्यानंतरचा शनिवार धरला. ५०० जीबीची सॅटा एसएसडी नवी घेतली. रॅमचे भाव तेव्हा चढलेले होते, म्हणून आठ जीबीची दुसरी स्टिक माझ्याकडच्या जुन्या मालातून बसवली. एकूण सोळा झाली.

डबा उघडण्याआधी दाजींच्या डेटाचा बॅकअप. पेन ड्राइव्हवर फोल्डर ओढून टाकला की झाला बॅकअप, असं बहुतेकांना वाटतं. मी गुरुवारीच अकाउंटंटला थांबवून त्याच्या लॅपटॉपवर तो बॅकअप रिस्टोअर करायला लावला. शेवटच्या इन्व्हॉइसचा नंबर आणि रक्कम दोन्हीकडे जुळली, बँकेच्या लेजरची शिल्लक जुळली, तेव्हा मी शनिवारचं नक्की केलं. त्यात पाऊण तास गेला. या सगळ्या कामातला हा पाऊण तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे मी काहीही बिघडवलं असतं तरी सोमवारी दाजींचं बिल निघालं असतं.

मग विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून पाहिलं. बायोस मोड: लेगसी, म्हणजे यंत्र चालू होण्याची जुनी पद्धत. यंत्र जोडून देणाऱ्याने तेव्हा जुन्याच पद्धतीने, एमबीआर मांडणीच्या डिस्कवर विंडोज घातलं होतं. या काळातल्या असेंबल्ड यंत्रांत हे सर्रास आढळतं. एमबीआरचं जीपीटी, म्हणजे नवी मांडणी, करण्याचं साधन विंडोज १०मध्येच आहे आणि ते बहुधा नीट चालतं. मी ते वापरलं नाही. दाजींच्या डिस्कला हात लावायचा नाही, एवढी एक अट मी स्वतःला घालून घेतली होती. नवी डिस्क यूईएफआय या नव्या पद्धतीने, जुनी लेगसीने. बोर्डाच्या बायोसमध्ये सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीलाही वाट देणारी सोय, चालू ठेवलं की दोन्ही नांदतात.

डबा बाल्कनीत नेऊन ब्लोअरने धूळ काढली. दाजी खुर्ची घेऊन शेजारी बसले. लिनक्सचे काही इन्स्टॉलर, तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी बूटलोडर, म्हणजे सिस्टिम चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, पहिल्या डिस्कवर नेऊन ठेवतात. वरून काही दिसत नाही. सहा महिन्यांनी कोणी दुसरी डिस्क काढतो आणि पहिलीही चालू होत नाही, तेव्हा कळतं. उपाय साधा आहे. इन्स्टॉल करताना पहिली डिस्क यंत्राला दिसूच द्यायची नाही. मी दाजींना दाखवलं, ही लाल केबल तुमच्या डिस्कची. टोकाला धातूची चाप असते, ती अंगठ्याने दाबून मग ओढायची. न दाबता ओढली तर बोर्डावरचं सॉकेट हलतं. दाजींची बोटं असल्या कामाला सरावलेली. त्यांनी चाप दाबली, केबल अलगद सुटली, आणि ती हातात धरून ते म्हणाले, ‘म्हणजे जॉबच उतरवून ठेवला मशिनवरून.’

‘हो. आता टूल कुठेही फिरलं तरी जॉबला लागणार नाही.’

तिथून पुढे त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. उठून चहा सांगायला गेले.

इन्स्टॉलचं फार सांगण्यासारखं नाही. लिनक्स मिंट २२ घेतलं. ते उबुंटू २४.०४वर उभं आहे, दिसायला जुन्या विंडोजच्या जवळ आहे आणि त्याला २०२९पर्यंत अपडेट आहेत. गेमिंगसाठी खास बनवलेली लिनक्स आहेत, बॅझाइटसारखी. भाच्याला त्यांचं आकर्षण होतं. पण पहिल्यांदा लिनक्स वापरणाऱ्याला अडचण आली तर उत्तर चटकन सापडावं, आणि उबुंटूच्या घराण्यात ते सापडतं. बूट मेनूत एकाच पेन ड्राइव्हची दोन नावं दिसतात. त्यातलं ‘यूईएफआय’ने सुरू होणारं निवडायचं, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं. वीस मिनिटांत मिंट बसलं. ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर घेतला. इथे सिक्युअर बूट, म्हणजे मान्य सही नसलेलं काही चालू न देणारी सोय, बंद असल्याने तो सरळ लागला. ते चालू असतं तर रीस्टार्टनंतर निळा पडदा येऊन ड्रायव्हरची सही मान्य करायला पासवर्ड मागतो, आणि घाईत तो पडदा हुकला की ड्रायव्हर लागत नाही.

दाजींची केबल परत जोडली, यंत्र चालू केलं, आणि विंडोजऐवजी मिंट उघडलं. दाजी दारात उभे होते. इन्स्टॉल करताना मिंट बायोसच्या यादीत स्वतःचं नाव सगळ्यात वर लिहून ठेवतं, आणि तेही ‘उबुंटू’ या नावाने. मिंट शोधणाऱ्याला ते सापडतच नाही. बायोसमध्ये जाऊन दाजींची डिस्क पहिली केली. पुन्हा चालू केलं, विंडोज आलं, टॅली आलं. पाच वेळा बंद-चालू करून दाखवलं.

अशा घरात चालू होताना ‘कुठली सिस्टिम हवी’ असं विचारणारा मेनू ठेवावा असं मला वाटत नाही. दाजींनी बटण दाबलं की दाजींचं विंडोज आलं पाहिजे, मध्ये इंग्रजी यादी नको, दहा सेकंदांची उलटी मोजणी नको. ज्याला खेळायचं आहे त्याने चालू करताना एफ१२ दाबावं आणि आपली डिस्क निवडावी. मिंटच्या बूटलोडरलाही, ग्रबला, दुसऱ्या सिस्टिम शोधायची मनाई केली.

जीटीए उचलून आणणं

भाच्याचा जीटीए ५ एपिक या स्टीमसारख्याच दुसऱ्या दुकानातला. मे २०२०मध्ये एपिकने तो आठवडाभर फुकट दिला होता. लॉकडाउन होतं, हा तेव्हा आठवीत, ताईच्या ईमेलवरून घेतलेला. शंभर जीबी पुन्हा उतरवण्यापेक्षा दाजींच्या डिस्कवरून उचलून आणायचं ठरलं. मिंटमध्ये ती डिस्क उघडली तर फक्त वाचता येत होती, लिहिता येत नव्हतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. सिस्टिम अर्धवट झोपते आणि डिस्क वापरात असल्याची खूण तशीच राहते. ती बघून लिनक्स लिहायला नकार देतं, आणि ते योग्यच करतं. आम्हाला नुसतं वाचायचंच होतं.

फोल्डर नव्या डिस्कवर कॉपी केला. इथे एक मोह होतो, की खेळ एनटीएफएसवरच राहू देत, दोन्हीकडून वापरू. करू नये. प्रोटॉन प्रत्येक खेळासाठी एक खोटं विंडोज उभारतं. त्यात अशी नावं आणि असे दुवे असतात जे एनटीएफएसवर नीट राहत नाहीत. आज चाललेला खेळ उद्या कारण न सांगता बंद पडतो. एपिकसाठी हिरोइक नावाचा लाँचर घातला, त्याला फोल्डर दाखवला, त्याने तपासणी करून उरलेलं थोडं उतरवलं. बॅटलआय बंद ठेवून गोष्टीचा भाग चालू झाला.

रात्री स्टीमवर रेड डेड उतरलं आणि पहिल्यांदा उघडताना ‘व्हल्कन शेडर’ची पट्टी सरकत राहिली. भाच्याला वाटलं, हँग झालं. त्याने दोनदा बंद केलं. दुभाषी पहिल्यांदा सगळा शब्दकोश लिहून काढतो, असं त्याला सांगितलं. चार कोअरला वेळ लागणार, जेवून ये. जेवून आला तेव्हा पडद्यावर बर्फ पडत होतं. मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, म्हणून फ्रेमही साठवर बांधल्या. रेड डेडसाठी मात्र सेटिंग्ज बऱ्याच उतरवाव्या लागल्या. चार जीबीच्या कार्डाची मर्यादा विंडोजवर होती तीच इथे आहे. डायरेक्टएक्स १२चे खेळ या कार्डावर लिनक्समध्ये विंडोजपेक्षा मंद चालतात, तेही त्याला सांगून ठेवलं. जिथे खेळात व्हल्कन किंवा डायरेक्टएक्स ११ निवडता येतं तिथे ते निवडायचं.

दाजींच्या विंडोजमधून मग व्हॅनगार्ड, खेळ, लाँचर सगळं काढलं. ते दाजींनी माझ्या शेजारी बसून स्वतःच्या हाताने काढलं. सी ड्राइव्हची पट्टी निळी झाली.

सकाळी साडेआठला रात्रीचे तीन

सोमवारी सकाळी साडेआठला दाजींचा फोन. ‘अरे, घड्याळ रात्रीचे तीन दाखवतंय. माझ्या डिस्कला काही केलंस का?’

त्या प्रश्नातला शेवटचा भाग मला लागला. शनिवारी कमावलेला विश्वास सोमवारी पणाला लागला होता. बोर्डावरची बटणाएवढी सेल गेली असती तर तारीख-वर्ष सगळंच मागे गेलं असतं. इथे तारीख बरोबर होती आणि फरक नेमका साडेपाच तासांचा होता. साडेपाच तास म्हटलं की कारण एकच. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. दर पंधरा अंशाला एक तास धरला तर ग्रिनिचपेक्षा बरोबर साडेपाच तास पुढे. बोर्डाच्या घड्याळात विंडोज इथली स्थानिक वेळ ठेवतं. लिनक्स तिथे ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि पडद्यावर दाखवताना साडेपाच तास मिळवतं. रविवारी रात्री भाच्याने मिंट बंद केलं तेव्हा घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहिली गेली. सकाळी विंडोजने तीच नाशिकची वेळ समजून दाखवली.

विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद करूनही हे सुधारता येतं. पण दाजींच्या डिस्कला हात न लावण्याची अट होती. भाच्याला कॉलेजला जाण्याआधी एफ१२ दाबून मिंटमध्ये जायला सांगितलं आणि टर्मिनलमध्ये एकच ओळ टाइप करायला लावली: टाइमडेटसीटीएल या आज्ञेने बोर्डाच्या घड्याळात स्थानिक वेळच ठेव, असं. मिंट त्यावर इशारा देतं की ही पद्धत आम्हाला पसंत नाही. ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे त्या इशाऱ्याला वजन आहे. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ, त्यामुळे अडत नाही. भाच्याने विंडोजमध्ये परत जाऊन घड्याळ लावून दिलं. ते पुन्हा हललेलं नाही.

हे मी शनिवारीच करायला हवं होतं. दुहेरी सिस्टिमच्या प्रत्येक यंत्रावर हे होतं हे मला ठाऊक होतं, आणि खेळ चालल्याच्या आनंदात ते राहून गेलं. तेव्हापासून माझ्या कामाच्या वहीत घड्याळ बूटलोडरच्या लगेच खाली लिहिलेलं आहे.

त्याच आठवड्यात आणखी एक केलं. मिंटच्या फाइल मॅनेजरमध्ये दाजींची डिस्क नावासकट दिसत होती. एक छोटा नियम लिहून ती तिथून लपवली. तो पडदा आहे, कुलूप नव्हे. मिंटचा ॲडमिन भाचाच आहे, मनात आणलं तर तो पडदा सारू शकतो. दाजींना मी हे स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, ‘सारायचा असता तर त्याने व्हॅलोरंट सोडला नसता.’

आतापर्यंत

चार महिने झाले. मिंट एकदा मोडलं, भाच्याच्याच हातून. कुठलासा नवा ड्रायव्हर बाहेरून आणून घातला आणि पडदा काळा झाला. मी गेलो नाही. त्या रात्री घरात दाजी विंडोजवर कोटेशन करत होते, त्यांना काही कळलंही नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याने टाइमशिफ्टने आधीची स्थिती परत आणली. पहिल्या दिवशी मी त्याला टाइमशिफ्ट लावून दिलं होतं. काळ्या पडद्यावरून टर्मिनलमध्ये कसं जायचं ते त्याने स्वतः शोधून काढलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला सीचे प्रोग्रॅमही आता तो मिंटवरच करतो.

रिपॅक बंद आहेत. स्टीमवर २०१५पासून भाव रुपयांत आहेत आणि सेल लागला की जुने खेळ परवडतात, हे त्याला पटलं. विचर त्याने तसाच घेतला. ५०० जीबीत सातपैकी चाललेले पाचही खेळ एकदम दाटीवाटीने बसतात, म्हणून काउंटर-स्ट्राइक कायम आणि बाकीचे आळीपाळीने. फुटबॉल त्याला मिळाला नाही तो नाहीच. रविवारचा कॅफे चालू आहे, पण पाचातले दोघेच येतात आता, आणि ते त्याला लागतं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

१३ ऑक्टोबर २०२६ला दाजींच्या विंडोज १०ची वाढीव अपडेटही थांबतील. मार्चअखेरची धावपळ संपली की त्यांच्यासाठी विंडोज ११ चालणारा छोटा मिनी पीसी बघायचा, असं ठरलं आहे. टॅली आणि प्रिंटर तिकडे जाईल. हा डबा मग पूर्ण भाच्याचा. दाजींनी एवढंच विचारून घेतलं की खंडेनवमीची माळ तेव्हा कुणाला घालायची. ताई म्हणाली, दोन आणू.